मागच्या खिशातला जावई

...आणि काढा म्हणे! अहो, काढा म्हणजे काय, दाढ आहे का ती, दुखली की काढली? माणूस आहे, जावई आहे माझा! आता हे मी तेव्हा मोठ्याने बोललो की मनातल्या मनात, ते मात्र नक्की सांगता येणार नाही. खरं म्हणजे त्या संध्याकाळचं मला किती आठवतंय आणि किती मी वर्षानुवर्षं सांगून सांगून घट्ट केलंय, याचीच मला शंका आहे. सूप वाटाण्याचं होतं असं मी म्हणतो, माझी मुलगी म्हणते भोपळ्याचं. ती तेव्हा तरुण होती, म्हणजे तिचंच बरोबर असणार, पण मला वाटाणा आठवतो त्याला मी काय करू? आयुष्यभर विद्यापीठात संभाव्यता शिकवली, शंका घेणं हाच धंदा. पण तुम्हाला सांगतो, एका गोष्टीची शंका नाही. त्या हॉलमधला प्रत्येक माणूस तोंडात सॉसेज असताना एकच वाक्य म्हणत होता... "ते सगळं ठीक आहे, पण काढायचं कोणाला?"

आमचं गाव यारमगल. गव्हाची कोठारं, एक पब, एक शाळा आणि फुटबॉलचं मैदान. फुटबॉल म्हणजे आमचा इकडचा, लंबगोल बॉलचा, पायांइतकाच हातांनीही खेळायचा. क्लबचं नाव पेलिकन. गावचं तळं कधीच आटलं, त्यातले पेलिकन पक्षी उडून गेले, उरला तो जर्सीवरचा एक, तोही धुऊन धुऊन बदकासारखा दिसायला लागला होता. आणि खेळ म्हणाल तर दोन हंगामांत एकही सामना जिंकलो नव्हतो. एक! अहो, डोळे मिटून खेळलो असतो तरी चुकून एखादा जिंकलो असतो, मी हिशोब करून पाहिला होता. शेवटी जिल्हा संघटनेने सांगून टाकलं, हंगामाचा शेवटचा सामना जिंकलात तर राहा, हरलात तर पुढच्या वर्षीपासून शेजारच्या गावच्या क्लबात, बूरालाँगमध्ये विलीन व्हा. विलीन! अहो, माणूस पंचमहाभूतांत विलीन होतो ते समजू शकतो, पण बूरालाँगमध्ये? आणि तो शेवटचा सामना कोणाशी? बूरालाँगशीच!

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तुला काय एवढं? तू काय धावणार होतास? नाही हो. पण नोरीन गेली, म्हणजे माझी बायको, त्यानंतर घरात माझ्याशी बोलायला रेडिओ होता, आणि तोही माझं ऐकून घ्यायचा नाही. गुरुवार तेवढा वेगळा. गुरुवारी सराव संपला की क्लबच्या हॉलमध्ये सूप, सॉसेज आणि शनिवारी कोण खेळणार यावर भांडण. कोच फळ्यावर नावांची लोहचुंबकं सरकवणार आणि अख्खं गाव मागून ओरडणार. कोचला आम्ही बटाट्या म्हणायचो. खरं नाव ग्रॅहम नॅन्कर्विस, पण ते त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. आणि मी काही बोललो की लोक म्हणायचे, "मूर्खासारखं बोलू नकोस, प्रोफेसर." अहो, असं म्हणायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं! क्लब गेला की माझा गुरुवार गेला, इतकं साधं होतं ते.

तर त्या गुरुवारी वाद कशावरून? हार्टिगनवरून. हार्टिगन म्हणजे आमचा नवा कॉन्स्टेबल. उंच म्हणजे किती, तर दारातून येताना नमस्कार केल्यासारखा वाकायचा. आधी बेंडिगोसारख्या मोठ्या शहराकडून खेळलेला, गोल मारण्यात पटाईत. असा माणूस गावात आयता आलेला, घ्यायला नको? घ्यायला पाहिजे! पण या बाबाने आल्या आल्या गावातल्या निम्म्या लोकांना दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावून लायसन्सं काढून घेतलेली.

क्लॅरी बोक, माझ्याच वयाचा, गव्हाचा शेतकरी, टेबलावर थाप मारून म्हणाला, "मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवू? मला रोज पायी चालायला लावणाऱ्यासाठी?"

"क्लॅरी," ड्यूलसी म्हणाली. ड्यूलसी म्हणजे आमची कँटीनवाली, हातात कायम डाव. "तू पबमधून निघालास आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकून परत पबमध्ये घातलीस."

"दार उघडं होतं!"

"ते माणसांसाठी उघडं होतं रे, गाडीसाठी नाही!"

बटाट्या बिचारा फळ्यापुढे उभा, हातात हार्टिगनच्या नावाचं चुंबक. म्हणाला, "भांडा नंतर. याला घ्यायचं ना? मग काढायचं कोणाला?"

झालं! आता मजा बघा. ज्याचं नाव निघेल त्याचं कोणीतरी तिथे बसलेलं. एकाने ड्यूलसीच्या भाच्याचं नाव घेतलं. डाव वर गेला. "त्याला हात लावा, मग शनिवारी खिमा भरलेले मीट-पाय मागायला याच माझ्याकडे!" भाचा सुरक्षित. क्लॅरीचे दोन नातू, दोघांना मिळून एका माणसाइतका खेळ येतो. "ते जुळे आहेत," क्लॅरी म्हणाला, "एकाला काढलं तर दुसरा रडतो." बावीस-तेवीसची घोडी हो, दाढ्या आलेल्या, रडतात म्हणे! बटाट्याचा भाऊ, त्याचा गुडघा दोनदा उघडून शिवलेला, पण ते नाव घेतल्यावर बटाट्या असा खोकला की सगळ्यांनी सुपात बघितलं. मग पुन्हा तेच... ते सगळं ठीक आहे, पण काढायचं कोणाला?

आणि मग, तुम्हाला सांगतो, एकेक करून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी सूप पीत होतो. वाटाण्याचं.

लिंडन. माझा जावई. पंप दुरुस्त करायचा, स्वभावाने म्हणाल तर लोणी, आणि खेळायचा बॅक पॉकेटमध्ये. आता नावच बघा ना, मागचा खिसा! आपल्या गोलच्या बाजूचा कोपरा तो. माणूस मागच्या खिशात काय ठेवतो? जुनी तिकिटं, चुरगळलेला रुमाल, जे हरवलं तरी चालेल ते. तिथे आमच्याकडे लिंडन. एकदा त्याने बॉल उचलून थेट समोरच्या संघाच्या हातात दिला होता आणि वर "काही हरकत नाही" म्हणाला होता. तरी वर्षानुवर्षं पावसात, चिखलात, न चुकता हजर! आणि त्या वेळी तो कुठे होता? दाराबाहेर, सगळ्यांसाठी सॉसेज भाजत. दार उघडं.

"बाबा," माझी मुलगी मेरिडिथ हाताची घडी घालून म्हणाली, "बोला ना काहीतरी."

आता मी काय बोलावं? "माझ्या जावयाला काढू नका" एवढंच ना? चार शब्द! कोणत्याही सासऱ्याने म्हटले असते. पण मला म्हणे विचार करून बोलायची सवय. मी उठलो, चष्मा पुसला आणि म्हणालो, "हे पाहा, एका माणसाच्या असण्या-नसण्याने निकालात फरक पडतो, असं म्हणायला आपल्याकडे पुरेसा पुरावा नाही..." म्हणजे मला म्हणायचं होतं की कोणालाच काढू नका! सरळ अर्थ आहे ना? तुम्हाला कळला ना?

क्लॅरी उडालाच. "ऐकलंत? सासराच म्हणतोय, लिंडनच्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही!"

"अरे, मी तसं..."

"मूर्खासारखं बोलू नकोस, प्रोफेसर, आत्ता तर शहाण्यासारखं बोललास!"

टक्. बटाट्याने लिंडनचं चुंबक काढलं. टक्. हार्टिगनचं लावलं. आणि त्याच क्षणी लिंडन सॉसेजचं ताट घेऊन दारात! फळ्याकडे बघितलं त्याने. आता हा ताट फेकणार, शिव्या देणार, मला तरी काहीतरी म्हणणार... आणि तो म्हणाला काय? "टोमॅटो सॉस कोणाकोणाला?" अहो, त्यापेक्षा त्याने माझ्या डोक्यात ताट घातलं असतं तर बरं झालं असतं! सॉस मी घेतला. नाही म्हणायची कोणाची हिंमत?

मेरिडिथ जाता जाता माझ्या कानाशी म्हणाली, "रविवारी जेवायला येऊ नका."

म्हणजे गुरुवार वाचवायला गेलो आणि रविवारही गेला!

शनिवार उजाडला. आमच्याकडे मैदानाच्या कडेने गाड्या लावतात आणि गाडीत बसून सामना बघतात, आपल्या संघाने गोल मारला की हॉर्न. क्लॅरीचं लायसन्स नाही, म्हणून तो गवत कापायच्या यंत्रावर बसून आलेला, मांडीवर घोंगडी. त्याला हॉर्न नाही, म्हणून तोंडानेच "पोंऽऽ!" लिंडनची गाडी मात्र कुठे? बरोब्बर बॅक पॉकेटच्या मागे. कुंपणाच्या अलीकडे तो, पलीकडे त्याची जागा. काच वर, मांडीवर थर्मास.

मी आत शिरलो, समोर राखीव खेळाडूंचं बाकडं, त्याच्यावर ड्यूलसीचं सुपाचं पातेलं आणि पावाच्या लाद्या. मी थबकलोच. राखीव खेळाडूंचं बाकडं! अहो, मैदानात अठरा लागतात, लिंडन धरून आमचे अठरा होते, हार्टिगन एकोणिसावा. एकोणिसावा माणूस बाकड्यावर बसतो! चार जणांना बसवायची परवानगी असते, साऱ्या जगाला ठाऊक आहे! कोणाला काढायची गरजच नव्हती हो! पण आमच्याकडे जास्तीचा माणूस कित्येक वर्षांत नसल्यामुळे ते बाकडं कँटीनचंच आहे असं लहानापासून थोरापर्यंत सगळे धरून चालले होते. आणि मी, संख्याशास्त्राचा डॉक्टर, मला अठरा आणि एक यांची बेरीज गुरुवारी सुचली नाही! क्लॅरीला सांगितलं तर म्हणाला, "मग सूप कुठे ठेवणार?"

पण सामना! हार्टिगनने काय खेळावं! उडी मारली की ढगातून बॉल घेऊन खाली यायचा. गोल, हॉर्न, गोल, हॉर्न, क्लॅरी नळीत फुंकल्यासारखा लाल होऊन "पोंऽऽ! घे माझं लायसन्स! मोटारचं घे, ट्रॅक्टरचं घे!" सामन्याचा चौथा आणि शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा आम्ही पुढे. आम्ही! पुढे! बटाट्या तर भीतीने पांढरा पडला होता, पुढे असताना काय करतात हे त्याला माहीतच नव्हतं.

आणि तेवढ्यात ठाण्यावरून निरोप. महामार्गावर मेंढ्यांचा ट्रक उलटलाय, मेंढ्या मोकाट, कॉन्स्टेबलने ताबडतोब यावं. गेला की हो! पेलिकनची जर्सी घालूनच पोलिसांच्या गाडीत बसला आणि धुरळा उडवत गेला. राहिले सतरा. आणि बाकड्यावर कोण? सूप!

पुन्हा सगळ्या माना वळल्या माझ्याकडे. माझीच मान कशी सापडते यांना? पळत... म्हणजे मला पळता येतं तेवढं पळत लिंडनच्या गाडीशी गेलो. काचेवर टकटक. काच दोन बोटं खाली.

"लिंडन, बाळा, चल. जर्सी घाल."

"मला काढलंय ना, प्रोफेसर?"

"अरे, ते गैरसमजाने! बाकड्यावर सूप होतं म्हणून..."

"सूप?"

"म्हणजे, तसं बघितलं तर तुझी गरज आहे."

"तसं बघितलं तर," तो शांतपणे म्हणाला, "पुरेसा पुरावा नाही."

आणि काच वर. अहो, माझंच वाक्य! इतक्या वर्षांत कोणाही विद्यार्थ्याने माझं एक वाक्य असं नेमकं लक्षात ठेवलं नव्हतं. पलीकडच्या गाडीतून मेरिडिथ बघत होती. मी तिथेच उभा, गाडीला हात लावून, आणि समोर मैदानाचा तो कोपरा. मोकळा. चिटपाखरू नाही.

शेवटचं मिनिट. बूरालाँगने गाठत गाठत गुण सारखे केलेले. बूरालाँगचा एक लुकडा पोरगा बॉल घेऊन निघाला, बघतो तर समोर कोणी नाही, त्यालाच विश्वास बसेना, थांबला, इकडेतिकडे बघितलं, कोणी ओरडतंय का म्हणून, मग घाबरून लाथ मारली, आणि चुकला! गोल चुकला हो! बॉल मधल्या दांड्या सोडून बाजूच्या दांडीच्या आतून गेला. पण हा आमचा खेळ, जगात दुसरीकडे कुठे असेल की नाही ठाऊक नाही, चुकलं तरी एक गुण देतो! एका गुणाने हरलो. कोणाच्या चांगल्या खेळाने नाही, चुकीने. तीही धड आमची नाही, त्यांची!

हॉर्न वाजले नाहीत. लिंडनने थर्मासचं झाकण लावलेलं तेवढं ऐकू आलं.

पुढच्या वर्षी विलीन झालो. आता गुरुवारी मेरिडिथ मला गाडीतून बूरालाँगला सोडते. बोलते आता, रविवारही परत मिळाला, फक्त लिंडन मला वाढताना दर वेळी विचारतो, "सॉस?" तिथल्या हॉलमध्येही फळा आहे, चुंबकं आहेत, आणि तिथेही तेच, काढायचं कोणाला, काढायचं कोणाला. मी तोंड उघडत नाही.

तर मागे एकदा, बरीच वर्षं झाली होती, बूरालाँगचा तेव्हाचा कोच माझ्या शेजारी बसला आणि सहज म्हणाला, "त्या गुरुवारी आम्ही इथे काय बोलत होतो माहितेय? तुमच्या बॅक पॉकेटबद्दल. तो माणूस पूर्वी आमच्या दोन खेळाडूंच्या अंगावर पडला होता, दोघांचेही गुडघे कायमचे गेले. आमची पोरं त्या बाजूला जायलाच तयार नव्हती. शेवटी ठरलं, बॉल कुठेही मारा, त्या कोपऱ्यात नको. अख्खा सामना आम्ही दुसऱ्या बाजूने खेळलो, तिकडे कोण उभं आहे तेही न बघता. अगदी शेवटी त्या पोराने बघितलं, तर तिथे कोणीच नाही!"

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. त्यांच्या आणखी दोघांना गाठलं, वेगवेगळं, एकमेकांना कळू न देता. दोघांनी तेच सांगितलं. त्यातला एक तो लुकडा पोरगा, आता चांगला सुटलाय. तो म्हणाला, तुमच्या जावयाला खेळायचीही गरज नव्हती हो, नुसता तिथे खुर्ची टाकून बसला असता तरी मी गेलो नसतो.