जानेवारीचं काय?

(दोहा, फुटबॉल वर्ल्ड कपच्या वर्षीचा मे महिना. हमीदभाई-नफिसाभाभींकडचं शुक्रवारचं जेवण आटोपून तिघं अबू हमूरहून ओल्ड एअरपोर्टच्या घरी निघालेत. गाडी प्रताप चालवतोय, लेक गार्गी मागे बसलीय.)

नयना : नफिसाभाभींनी माझा हातच धरला. ‘जाने से पहले एक बार और आना.’ म्हटलं, कुठे जायच्या आधी? तर म्हणे, प्रतापभाईच सांगतात, वर्ल्ड कप झाला की नाशिक!

प्रताप : अगं, गमतीत म्हणतो मी ते.

नयना : आणि आज? हमीदभाई तुमचे साहेब. त्यांनी सरळ विचारलं, जानेवारीचं काय? तर तुम्ही, ‘खलास, बोरिया-बिस्तर!’ आणि वर हसलात.

प्रताप : मग काय, ‘मला ठेवून घ्या’ म्हणून हात पसरू? वर्ल्ड कप पार पडू दे. काम दिसेल, ते स्वतःच बोलतील. मनातलं आधी बोललं की दृष्ट लागते.

नयना : बोलणाऱ्याची माती विकते हो, न बोलणाऱ्याचं सोनंसुद्धा विकत नाही.

गार्गी : बाबा, माझा फेव्हरिट क्वार्टरबॅक सेम हेच करून बसला.

नयना : झालं! दोह्यात पायाने खेळायचा फुटबॉल येतोय, आणि आमचं रत्न हाताने खेळायचा अमेरिकन फुटबॉल बघतंय.

गार्गी : आई, ऐक ना. क्वार्टरबॅक म्हणजे अख्खी टीम ज्याच्या हातावर चालते तो. कॉन्ट्रॅक्टचं एक वर्ष उरलं की सीझनच्या आधीच बोलून घ्यायचं असतं. हा गप्प बसला. टीमला वाटलं, याला जायचंय. त्यांनी नवा मुलगा घेतला. फिनिश.

प्रताप : थांबणारेही असतील की. चांगला खेळला तर भाव वाढतो.

गार्गी : असतात ना. पण त्यांना नेक्स्ट इयर परत सीझन असतो. तुझा वर्ल्ड कप एकदाच आहे, बाबा.

नयना : अहो, सिग्नल सुटलाय. मागचा हॉर्न मारतोय.

प्रताप : मला काय कळत नाही? डिसेंबरात करार संपला की व्हिसा गेला, आणि हिची बारावीची परीक्षा त्याच्यानंतर. झोप लागत नाही मला, नयना. भीती वाटते. विचारलं आणि नाही म्हणाले तर?

नयना : आजचा नकार झेपेल. परीक्षेच्या तोंडावरचा नाही झेपायचा.

गार्गी : आणि तुझ्याकडे पॉइंट आहे! तू सांभाळतोस ते स्टेडियमचं गवत. तूच रोज सांगतोस.

प्रताप : सांगतो म्हणजे, खरंच आहे ते. प्रेक्षक गेले म्हणून गवतावरचं ऊन कमी होतं का? एक उन्हाळा स्टेडियमची गार हवा बंद ठेवा, सगळं पिवळं पडेल. एवढं लावलंय कशासाठी मग?

नयना : हे. हे असं बोला तिथे.

प्रताप : आता परत जाऊन? काय निमित्त सांगू?

नयना : करंज्यांचा डबा राहिलाय त्यांच्याकडे.

प्रताप : तू? तू कधी डबा विसरत नाहीस.

नयना : नाहीच विसरत. पुढच्या राउंडअबाउटवरून फिरवा गाडी.

गार्गी : यल्ला, चला! मी फोन लावते, स्पीकरवर.

हमीदभाई : क्यों भई प्रताप, डिब्बा भूल गए न?

प्रताप : वही लेने आ रहा हूँ. और... हमीदभाई, वो बोरिया-बिस्तर मज़ाक था. मुझे रुकना है. जनवरी के बाद घास कौन संभालेगा?

हमीदभाई : अरे, यही तो मैं सबसे पूछता फिर रहा हूँ! तुम्हारा नाम इसलिए नहीं भेजा कि तुम्हें घर जाना है. देखो, वादा नहीं करता. ऊपरवालों को मनाना पड़ेगा. आ जाओ, चाय पे बैठते हैं.

गार्गी : येस!

प्रताप : येस काय? शब्द दिला नाही त्यांनी.

नयना : चहाला बोलावलंय ना? आजच्यापुरतं तेवढं पुष्कळ झालं. आणि डबा मागू नका हं. तो जानेवारीत आणू.