अंगात आल्यावर मी दिसते कशी

हॅलो? … हॅलो? कोन बोलतंय?

शीतल? अगं मग मोठ्यानं बोल ना. … बाईजाआत्याच बोलतेय, दुसरं कोन उचलनार? आमचा पंकज मुरबाडला गेलाय, त्याचा फोन घरी इसरून. … थांब, उंबराखाली येते, घरात आवाज तुटतो.

हां. बोल आता.

कसलं प्रदर्शन? … ठान्याला? शनिवारी? … तुझा फोटू भिंतीला लावनार? अगं बाई! मग रडवेली का झालीस गो?

… कोनता फोटू?

… कवा काढलास?

जत्रेच्या दिवशी. माझ्या अंगात आलं तवा. … शीतल, त्या दिवशी आपल्याकडं आरसासुदीक पालथा घालतात, म्हाइत हाय ना तुला? आन तू माझा फोटू काढलास. न इचारता.

रडू नको. … रडू नको म्हनते ना. देवी काय खात नाय तुला. आजच छापायला द्यायचा, म्हनून आज आत्या आठवली, होय? पन हे डोक्यात आलं कुठनं तुझ्या?

… फोटूच्या क्लासातल्या मॅडमनी दाखवले? कुठल्या देशातले? … क्यूबा. कुठं आला हा? … समुद्राच्या मधोमध. बरं. … फोटू काढनाऱ्या बाया पन हायत? वा!

हो, हो… अगं ऐक ना, सावकाश सांग. आफ्रिकेतनं मानसं धरून न्हेली. जहाजात कोंबून. … ऊस तोडायला. … आन देव? हातात बेड्या, मग देव कसे न्हेले गो?

… मनात. हां. मनात न्हेले.

… काय? मालकाच्या देवामागं आपला देव लपवला? म्हंजे मालकाला वाटायचं, आपल्याच देवाला हात जोडतायत. आन नमस्कार पोचायचा त्यांच्या त्यांच्या देवाला! लई हुशार गो ती मानसं.

मग? … आता त्यांची पतवंडं ह्याच देवांवरनं फोटू काढतात. … एक बाई स्वताचाच काढते? निळं कापड गुंडाळून, समुद्राची देवी होऊन? … थांब, थांब. मला एक सांग. तिच्या अंगात येतं, का ती सोंग घेते?

नाय म्हाइत? अगं मग इचारलंस काय मॅडमना? हेच तर पयलं इचारायचं! बोहाड्यात आपला भगीरथ मुखवटा घालून नाचतो, देव होतो. मुखवटा उतरवला की बिडी मागतो. ते सोंग. त्याचा फोटू कोनी बी काढावा. अंगात येनं येगळं.

… खरं सांगतेस? तिकडं पन? नव्यानं देवाचा झालेला मानूस वरीसभर पांढरं नेसतो? … आरशात बघत नाय सुरवातीला? … आन फोटूपन काढू देत नाय! बघ. ते एवढ्या लांब राहून पाळतात, आन वैशाखऱ्यात लहानाची मोठी झालेली तू, तुला नाय कळलं.

… तिथल्या देवांची नावं काय गो? … परत सांग. … चांगो? विजांचा देव? अगं देवा! आमच्या चांगोला नको सांगू हे. आदीच ताठ, मग तर वाकनारच नाय.

… कुठं बोलतोय? बारा वरसं झाली. अंगनाला अंगन लागून, पन सख्खा दीर मला वयनी म्हनत नाय. भर जत्रेत म्हनला, हिचं सगळं नाटक हाय, मान मिळवायला घुमते. … इसरू कशी?

खरं सांगू? राग नाय येत त्याचा. भीती वाटते. … अगं, मला काय आठवतच नाय ना. ढोल वाजला की पाय गार पडतात. मग एकदम कोनीतरी तोंडावर पानी मारतं. मधलं काय नाय. बारा वरसं मनात येतं, चांगोचं खरं असलं तर? मीच करत असंन, माझं मला न कळता?

… हाय तुझ्याकडं तो फोटू? आता?

मी दिसते कशी गो?

नाय, सांगू नको. धाड. … धाड म्हनते ना! आरसा त्या दिवसापुरता पालथा. आज काय जत्रा हाय?

वाजलं बघ, आला. … बोलता बोलता कसा बघायचा? … कोनतं बटन? … हां, हां. झाला मोठा.

…

हाय, हाय. हितंच हाय मी.

केस सुटलेत. … दमलेली दिसते गो मी. दिवसभर भात लावून आल्यासारखी. देवी काय दिसली नाय बाई मला. मीच हाय ही.

… हा मागं कोन? खांबाआड. … दोन बोटं ठेवून तानू? … हां.

शीतल, हा चांगो हाय.

हात जोडलेत त्यानं. … अगं, रडतोय तो.

तुला दिसलं नाय? … दिसलं, पन वाटलं सगळेच जोडतात. सगळेच जोडतात गो. हा नाय जोडत.

…

नाय. नाय लावायचा. … अगं माझं तोंड लाव खुशाल, देवीला काय फरक पडत नाय. पन त्याचं? सगळ्या गावाला नाटक म्हनून सांगितलंय त्यानं. ती मानसं मालकाला भिऊन देव लपवत व्हती. ह्यानं स्वताच्याच बोलन्याला भिऊन लपवलाय. तू तो ठान्याच्या भिंतीवर टांगनार?

… त्याला कापलास तर काय राहिलं फोटूत? तूच सांग. … मग त्याला इचारावं लागंल.

… कोन म्हंजे? मीच. हा काय समोर अंगनात बसलाय, दोर वळतोय. … नाय गो, फोटू नाय दाखवनार लगेच. पयली नुसती हाक मारते.

थांब, ठेवू नको. … ठेवू नको म्हनते ना.

भावजी… ओ भावजी!

…

शीतल? हायस ना? … ऐकलंस?

'काय वयनी' म्हनला गो.

ठेव. ठेव आता फोन.