पुठ्ठ्याची खिडकी

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन आलोय. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, स्वतः एकही केली नाही — असा माणूस देवाच्या दारात उभा राहिला, तर देव त्याला आत घेईल का? घेईल म्हणता? अहो, लगेच माना डोलावू नका! आधी ऐका तर खरं! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आज वरचा सूर माझ्याच्यानं लागायचा नाही.

देवरुखच्या वरच्या आळीत टिळेकर मास्तर राहतात. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखाली दोनदा नापास झालो! भूतकाळातला प्रश्न असो की नकार — ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपातच हवं. ‘डिड वेन्ट’ नाही, ‘डिड गो’! मास्तर म्हणायचे, "अरे गाढवांनो, भूतकाळाची घागर ‘डिड’नं एकदा उचलली ना? मग पुढच्यानं पुन्हा कशाला उचलायची?" आम्ही मात्र दोघांच्याही डोक्यावर घागर द्यायचो आणि छड्या खायचो.

शंभर वह्या आणि एकटे मास्तर! तपासणार कधी? तर त्यांनी युक्ती काढली. जाड पुठ्ठा घेतला, त्याला दोन बोटं रुंद खिडकी पाडली. पुठ्ठा ओळीवर ठेवायचा, खिडकीतून फक्त ‘डिड’ आणि त्यापुढचं क्रियापद पाहायचं. बरोबर? टिक! चूक? फुली! बाकीचं वाक्य पुठ्ठ्याखाली. पोरगं बाजारात गेलं होतं की विहिरीत पडलं होतं, मास्तरांना काय त्याचं! अर्ध्या तासात शंभर वह्या मोकळ्या!

मास्तर निवृत्त झाले. मुलगा श्रीरंग कॅनडात. त्याची मुलगी ईरा, नऊ वर्षांची, तिला मराठीचा गंध नाही. फोनवर आजी विचारायची, "जेवलीस का गं बाय?" आणि पलीकडून नुसतं ‘व्हॉट? व्हॉट?’ आजी म्हणजे मास्तरांची बायको, आमच्या यमुनाकाकू. त्यांनी पदर खोचला. म्हणाल्या, "मला शिकवा तुमचं इंग्रजी. नातीशी बोलल्याशिवाय मी मरायची नाही." कसली जिद्द हो बाईची, बासष्टाव्या वर्षी!

मास्तरांनी नेम घालून दिला. रोज सकाळी कालच्या दिवसाबद्दल पाच वाक्यं लिहायची, प्रश्न आणि नकार. दहा गुण. चहा झाला की ओसरीवर वही, लाल पेन आणि तोच पुठ्ठा. पहिल्या दिवशी काकूंना शून्य! आळीभर हसू.

आणि मंडळी, त्याच महिन्यात काकूंच्या छातीत गाठ आली.

सांगायचं कुणाला? चाळीस वर्षांचा संसार, पण नवऱ्यासमोर असला शब्द कधी उच्चारला नव्हता. हसू नका! तुमच्या घरातली माउली उच्चारते का? तोंडानं बोलवेना, पण वही होती ना! रोज नवरा वाचतो, आपल्या हातानं लाल खुणा करतो. काकूंनी शब्दकोश उघडला, ‘गाठ’ शोधली आणि लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं — ‘काल मी तुम्हाला छातीतल्या गाठीबद्दल सांगितलं नाही. काल मी दुखण्यापायी जेवले नाही. तुम्ही पाहिलंत का?’

मास्तरांनी पुठ्ठा ठेवला. चार गुण! "‘टोल्ड’ नाही गं, ‘टेल’! दहा वेळा लिही!"

बाईनं दहा वेळा लिहिलं हो! ‘मी तुम्हाला सांगितलं नाही, मी तुम्हाला सांगितलं नाही…’ दहा वेळा! पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच वाक्यं. सहा गुण. पुन्हा. आठ. आणि एके दिवशी — दहापैकी दहा!

मास्तर उड्या मारायचे बाकी! स्वतः जाऊन पेढे आणले, आळीत वाटले. त्या दिवशी मी ओसरीवरच होतो. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या. हळूच म्हणाल्या, "वाचलंत ना तुम्ही?"

"वाचलं तर! एकही चूक नाही!"

"मग… तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

"म्हणायचं काय? शाब्बास!"

काकू आत गेल्या. गाठीचं वाक्य त्यांनी पुन्हा कधीही लिहिलं नाही. त्यानंतर जास्वंदीबद्दल लिहिलं, शेजारच्या मांजराबद्दल लिहिलं. सगळं बिनचूक.

पाच महिन्यांनी मागीलदारी कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" मास्तर ओरडले, "ही बोललीच नाही हो! एका शब्दानं बोलली नाही!" काकू जाग्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. तोंड भिंतीकडे वळवलं ते वळवलंच. चौथ्या दिवशी गेल्या.

तेराव्याला श्रीरंग आला, ईराला घेऊन. पानं वाढायची चालली होती. ती पोर कोपऱ्यात आजीची वही घेऊन बसलेली. आजीच्या मागे राहिलेल्यातली तिला वाचता येईल अशी तेवढीच एक वस्तू! तिला कुठला पुठ्ठा ठाऊक? ओळीमागून ओळ वाचली. रडत उठली, वही मास्तरांच्या पुढ्यात धरली, त्यांचीच लाल टिक दाखवली आणि विचारलं, "आजोबा, डिड यू नॉट रीड धिस?"

वाचलं नाहीत का हो तुम्ही हे?

प्रश्न अगदी शुद्ध होता, मंडळी. मास्तरांना त्यात दुरुस्त करायला काही सापडलं नाही. पानावरून उठले आणि मागच्या पडवीत जाऊन भिंतीवर डोकं आपटायला लागले. आम्ही तिघांनी धरलं त्यांना.

आता तुम्ही म्हणाल, काय दगड माणूस! म्हणा! मीही म्हणणार होतो. पण त्या दिवशी पेढा कुणी खाल्ला? मी! वर दुसरा मागून घेतला! मला इंग्रजी येत नव्हतं, कबूल. पण चौकटीला धरलेल्या त्या बाईचा चेहरा काय इंग्रजीत होता? मला दिसला होता तो. उतरलेला, पिवळा पडलेला. मी म्हटलं, जाऊ दे, घरचं काही असेल.

मास्तर अजून त्या ओसरीवर बसतात. पुठ्ठा चुलीत गेला. रोज सकाळी ती वही उघडतात आणि एकेका वाक्याखाली उत्तर लिहितात. ‘नाही पाहिलं.’ ‘नाही विचारलं.’ मागच्या महिन्यात मला पाहून वही पुढे केली, म्हणाले, "बुवा, एवढं तपासून द्या." काय तपासू मी? कुणाला दाखवू?

मघाचा प्रश्न आठवतोय ना? देव आत घेईल का? मला नाही वाटत. आणि घेतलं, तरी आत यमुनाकाकू असणार. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं, मास्तरांनी आणि मी?

बायांनो, बाप्यांनो, आरती थोडी थांबू दे. आज सकाळी निघताना घरातलं माणूस तुम्हाला काहीतरी म्हणालं होतं. काय म्हणालं होतं? आठवा! …नाही ना आठवत? मग टाळ खाली ठेवा. देवाला काही घाई नाही. आधी घरी जा आणि विचारा.