पुढच्या घराचं नाव

धाकटा : नाही म्हणजे नाही. आता ते तलवारीचं गाठोडं उचला आणि जरा बाजूला सरका. तुम्ही आमच्या तागावर बसलाय.

हाकाऱ्या : असू दे, मऊ आहे. तू बोल, मोकळा हो. सगळे आधी नाहीच म्हणतात.

धाकटा : म्हणजे?

हाकाऱ्या : म्हणजे आधी नाही म्हणायचं, मग रागवायचं, मग रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी निघायचं. राजवाड्यानं मला हे काम दिलं त्याला आता पुष्कळ काळ लोटला, पोरा. ज्याच्या दारात गेलो त्याचं असंच झालं.

धाकटा : आई, ऐकतेस का? माझं 'नाही' ह्यांनी आधीच धरून ठेवलंय.

आई : चाक फिरवतेय, कान बंद नाहीत माझे. तू तुझं टोक ताठ धर, पीळ सैल पडतोय. होडीवाल्यांना उद्या दोर द्यायचाय.

हाकाऱ्या : बाई, तुमच्या अंगणात वाळत घातलेले कपडे बघा. सकाळी पांढरे होते ना? खिंडीतलं जनावर जागं झालंय. आज नुसती राख येतेय. थोड्या दिवसांनी ते स्वतः येईल, मग होडीवालेही नाहीत आणि होड्याही नाहीत.

धाकटा : फौज पाठवा की मग. राजाचे घोडे काय नुसते गवत खायला ठेवलेत?

हाकाऱ्या : फौज दिसली की ते बिळात शिरतं आणि फौज परतली की गावावर उतरतं. एकटा माणूस वर गेला तरच ते समोर येतं. हे तुला मी सांगायला हवं?

धाकटा : मग दुसरा एकटा माणूस बघा. मला साधं शिडीवर चढवत नाही, आजोबा. छप्पर गळतं तेव्हा आई वर जाते आणि मी खाली शिडी धरतो.

आई : खरं आहे. तेही डोळे मिटून धरतो.

हाकाऱ्या : शिडी धरणारा हात वाईट नसतो.

धाकटा : उगाच साखर पेरू नका. 'निवडलेला' म्हणे! माझ्यात काय आहे निवडण्यासारखं?

हाकाऱ्या : तुझ्या घरात आहे. तुझा भाऊ...

धाकटा : आलं का! म्हटलं, अजून दादाचं नाव कसं निघालं नाही. दादा वेगळ्या मातीचा होता. तुम्ही हाक मारलीत आणि तो ताडकन उठला. 'हसत उठला, हसत निघाला, उंबरा हसत ओलांडला.' गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा म्हणतात. त्यानं त्या जनावराला मारलं आणि स्वतःही तिथंच राहिला, असंही गाण्यात आहे. मेलेलं जनावर पुन्हा जागं कसं झालं ते तुमचं तुम्ही बघा. मी दादा नाही. हसत तर सोडाच, मी रडत रडतही येणार नाही.

हाकाऱ्या : मारलं नव्हतं, झोपवलं होतं. ते मरत नाही. आणि हसत? तुझा भाऊ?

धाकटा : गाण्यात आहे ना.

हाकाऱ्या : गाण्यात असणारच. गवयाला समोर बसवून मीच सांगितलं, काय घालायचं ते.

आई : पाणी पिऊन झालं ना तुमचं? भांडं ठेवा आणि निघा.

धाकटा : थांब आई. चाक थांबव.

आई : दोर बिघडेल.

धाकटा : बिघडू दे. हसत नाही गेला, मग कसा गेला?

हाकाऱ्या : बाई, तुम्ही ह्याला काहीच सांगितलं नाहीत?

आई : तुम्ही गाणं करून दिलंत. ते मी उठून खोटं पाडू?

हाकाऱ्या : तो नाही म्हणाला, पोरा. आधी ह्या तागाच्या ढिगामागे लपला. मग त्या मधल्या खांबाला मिठी मारून बसला. 'मला दोर वळता येतो, बाकी काही येत नाही,' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. तू लहान होतास, आत झोपला होतास.

धाकटा : आई?

आई : हो.

धाकटा : तुला ठाऊक होतं.

आई : मला नाही तर कुणाला? खांबावरची त्याची बोटं मीच सोडवली. नखं फुटून रक्त येत होतं, म्हणून सोडवली. सोडवली आणि तो निघाला.

धाकटा : आणि मला सांगितलं नाहीस.

आई : तू हातात काठी घेऊन अंगणभर ते गाणं म्हणत हिंडायचास. काय सांगू तुला? त्याचं म्हणून घरात उरलं काय होतं? एक गाणं. तेही तुझ्या तोंडून काढून घेऊ?

धाकटा : मी त्याचा राग करत आलो गं. तोंडानं गाणं म्हणायचो आणि मनात म्हणायचो, हसायला काय झालं होतं ह्याला? आईला आणि मला टाकून जाताना माणूस हसतो? शिव्या घातल्यात मी त्याला. मोठा झाल्यावरसुद्धा. आणि तो इथं, ह्या खांबाला...

आई : रड. ह्यांना लाजू नकोस. ह्यांनी पुष्कळ रडणारे पाहिलेत.

धाकटा : मग गेला कशाला? इतकं नको होतं तर गेला कशाला?

आई : सांगा की. आता तोंड उघडलंत तर पुरतं उघडा.

हाकाऱ्या : त्यानं विचारलं, मी नाही आलो तर कोण? मी म्हटलं, आम्ही थांबू. धाकटा मोठा होईल.

धाकटा : मी?

हाकाऱ्या : तू.

आई : आणि शब्द काय दिला होतात?

हाकाऱ्या : की तो आला तर ह्या दारात पुन्हा कधी येणार नाही.

आई : आणि आज कुठं बसलाय?

हाकाऱ्या : तुमच्या तागावर बसलोय, बाई.

आई : लाज कशी वाटत नाही? शिकारीत झुडपं बडवून, आरडाओरडा करून जनावर उठवतात त्यांना हाकारे म्हणतात. तुम्हाला लोक हाकाऱ्या म्हणतात ते उगाच नाही. पहिल्याला उठवलंत धाकट्याच्या नावानं. तो गेला, मेला, आणि तुम्ही धाकट्यालाच न्यायला आलात!

हाकाऱ्या : वाटते लाज. सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी उभा होतो, पाय उचलत नव्हता. बरोबर बोललात तुम्ही. उठतो मी. आजवर कुणाच्या दारात म्हटलं नाही, पण आज म्हणतो, ह्याचं नाही म्हणजे नाही. पोरा, जरा हात दे, गुडघा धरलाय.

धाकटा : खरंच निघालात?

हाकाऱ्या : खरंच.

आई : जाताना दार ओढून घ्या.

धाकटा : कुठं जाणार आता?

आई : कुठंही जाऊ देत. तू विचारू नकोस.

धाकटा : आजोबा, कुठं?

हाकाऱ्या : समोर. काचवाल्याकडे.

धाकटा : काचवाला? तो तर म्हातारा झालाय.

हाकाऱ्या : त्याचा मुलगा आहे ना.

धाकटा : तोतऱ्या? डोकं फिरलंय का तुमचं? स्वतःचं नाव सांगायला त्याला सकाळची दुपार होते! त्याचं 'नाही' तोंडातून निघेपर्यंत तुम्ही त्याच्या हातात तलवार देऊन मोकळे व्हाल.

हाकाऱ्या : मी थांबेन त्याच्यासाठी.

धाकटा : कुणी थांबत नाही त्याच्यासाठी. बाजारात लोक त्याचं वाक्य आपणच पुरं करतात आणि नको ते गळ्यात मारतात. त्याला पांढरा सदरा हवा होता, तो पिवळा घेऊन आला. अजून तोच घालतोय बिचारा. मी सोडून गल्लीत कुणालाही विचारा, त्याचं एक अख्खं वाक्य कुणी ऐकलेलं नाही. तुम्ही विचाराल, येतोस का? तो न... न... करत राहील, आणि तुम्ही म्हणाल, सगळे आधी असंच करतात.

आई : बघितलंस? बघितलंस कसं केलं ह्यांनी? दादाला तुझं नाव सांगितलं, तुला तोतऱ्याचं. निवडलेला-बिवडलेला कुणी नसतो, बाळा. प्रत्येकाच्या दारात पुढच्या घराचं नाव घेऊन यायचं, एवढीच ह्यांची विद्या.

हाकाऱ्या : मी मुद्दाम नाही सांगितलं. त्यानं विचारलं.

आई : सगळेच विचारतात. आणि ते तुम्हाला ठाऊक असतं.

हाकाऱ्या : हो. ठाऊक असतं.

धाकटा : तुम्हाला कुणाचं नाव सांगितलं होतं?

हाकाऱ्या : मला?

धाकटा : हा गुडघा काही पायरीवरून घसरून मोडलेला नाही. तुम्हीही वर गेला होता.

हाकाऱ्या : गेलो होतो. मी तेव्हा भिंती रंगवायचो. माझा एक जोडीदार होता, एका बादलीत दोघांचे कुंचले असायचे. त्याचं नाव सांगितलं. मी गेलो, जनावराला झोपवलं आणि परत आलो. जो परत येतो त्याला राजवाडा हे काम देतो. नाही म्हणून पाहिलं मी तेव्हाही.

धाकटा : आणि जोडीदार?

हाकाऱ्या : आहे. नातवंडांत रमलाय. मी रस्त्यात दिसलो की पलीकडच्या बाजूनं जातो. त्याच्या घरात तरणी मुलं आहेत ना आता.

धाकटा : दादाबरोबर तुम्ही कुठवर होता?

हाकाऱ्या : शेवटच्या वळणापर्यंत. पुढं एकट्यानंच जायचं असतं.

धाकटा : काय म्हणाला तिथं?

हाकाऱ्या : नाही म्हणाला. सगळी वाट नाहीच म्हणत होता. 'मला नाही जायचं, मी नाही जाणार,' आणि पाय पुढं पडत होते. एकदाही थांबला नाही. मी पुष्कळांना तिथवर पोचवलं, पण इतकं सरळ चालणारा दुसरा पाहिला नाही. गवयाला ते जमेना. म्हणाला, नाही म्हणणारा आणि जाणारा एकच माणूस कसा गायचा? मग आम्ही हसू घातलं.

धाकटा : घालायला नको होतं.

हाकाऱ्या : नको होतं.

धाकटा : द्या ते गाठोडं.

आई : नाही.

धाकटा : आई...

आई : तू नाही म्हणाला होतास. मी ऐकलंय. ह्यांनी मान्य केलंय.

धाकटा : अजूनही नाहीच म्हणतोय. मला जायचं नाही. पहिल्याच कड्यापाशी मी ओकणार हे मला आत्ताच दिसतंय. पण तोतऱ्याला नेलं तर उद्यापासून मला ह्या दारातून समोर बघता येणार नाही. दादाचंही तेच झालं असेल. माझ्याकडे बघत इथं दोर वळत बसणं त्याला जमलं नसतं. मला हे आज कळतंय, आई. मी त्याला काय काय बोललो.

आई : त्याला नाही ऐकू आलं. मला आलं असतं तर तुझ्या थोबाडीत दिली असती, आणि मग सगळं सांगितलं असतं. चुकलंच माझं.

धाकटा : असू दे.

आई : गाण्यात मी उंबऱ्यात उभी राहून 'जा' म्हणते. तेव्हाही म्हटलं नव्हतं आणि आता तर मरेपर्यंत म्हणणार नाही.

धाकटा : नको म्हणूस.

आई : थांब म्हणेन. तू दिसेनासा होईपर्यंत थांबच म्हणत राहीन. तुझे पाय तुझ्याजवळ, माझं तोंड माझ्याजवळ.

धाकटा : म्हण. पाठीमागून कुणी थांब म्हणतंय म्हटल्यावर बरं वाटेल.

आई : आणि परत आलास तर...

धाकटा : आलो तर?

आई : तर कुणाचं दार वाजवू नकोस. राजा स्वतः येऊन म्हणाला तरी. उपाशी राहू आपण दोघं.

धाकटा : नाही वाजवणार.

हाकाऱ्या : चल पोरा. उजेड आहे तोवर पहिला चढ होईल.

धाकटा : पाठीवरचा हात काढा. ढकलायची गरज नाही. मला जायचं नाही आणि मी चालतोय, दोन्ही नीट ऐकून ठेवा.

हाकाऱ्या : ठेवलं.

आई : थांब.

धाकटा : हो, आई.

आई : थांब रे. थांब.

(दोघं गल्लीत उतरून चढाकडे लागले आहेत. समोरच्या घराचं दार उघडतं.)

तोतऱ्या : काकू, हा... हा कु... कुठं...

आई : वर. खिंडीत.

तोतऱ्या : ह... हा? शि... शिडीला घा... घाबरतो, हा?

आई : हाच.

तोतऱ्या : न... न... न...

आई : म्हण, बाळा. मी नाही पुरं करणार तुझ्याऐवजी. सावकाश म्हण, अजून हाकेच्या अंतरावर आहे तो.