गुरुवारची मंडळी

बायको : हळू बोला. जिन्यात आवाज जातो.

रंगारी : जाऊ दे. परक्या बायकांनी माझ्या चादरी धुवायच्या आणि मी माझ्याच घरात कुजबुजायचं?

बायको : चादर धुतली म्हणजे काय गुन्हा केला?

रंगारी : का धुतली, ते विचारतोय मी. माझ्या सख्ख्या भावाने फोन करून विचारलं नाही, की बाबा तुझं तंगडं कसं आहे. आणि ही गुरुवारची मंडळी बघ. एक डबा आणते, एक केर काढते, तो सुतारकाका न्हाणीघरात धरायला दांडा ठोकून जातो. मी कोण लागतो त्यांचा?

बायको : आजारी माणूस लागता.

रंगारी : असं काही नातं नसतं.

बायको : परांचीवरून पडलात, त्यानंतर तुमच्या कंत्राटदाराने तोंड तरी दाखवलं का?

रंगारी : तो सरळ माणूस. काम संपलं, ओळख संपली. त्याचं मला कळतं. यांचं कळत नाही, म्हणून डोळ्याला डोळा लागत नाही. अगं, आतून ओल असलेल्या भिंतीवर कितीही झकास रंग दे, एक दिवस फुगून येतोच. मी त्या दिवसाची वाट बघतोय.

बायको : दर गुरुवारी नर्सताईंच्या घरी जमतात, गातात, वाचतात, एकमेकांची विचारपूस करतात. यात ओल कसली? माझ्या माहेरीही चर्चची अशी संगती भरायची.

रंगारी : हां, आता आलं बाहेर! तूच बोलावलंस त्यांना. लग्न करताना काय ठरलं होतं आपलं? तुझा देव तुझ्यापाशी, मला ओढायचं नाही.

बायको : लग्नानंतर मी तरी कुठे गेले चर्चला? आणि मी कुणाला बोलावलं नाही. दवाखान्यात तुम्हाला आत नेलं होतं, मी बाहेर बाकावर रडत बसले होते. नर्सताईंची ड्युटी संपली होती. घरी जायचं सोडून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. एवढंच.

रंगारी : आणि घराचा पत्ता?

बायको : तो विचारला त्यांनी.

रंगारी : बघ!

बायको : काय बघ? पत्त्याशिवाय येणार कशा?

रंगारी : मागच्या वेळी दोघी मोरीपाशी भांडी घासत होत्या ना, तेव्हा मी जागा होतो. एक म्हणाली, या घरातली दोघं आली तर गट मोठा होईल, मग एकाचे दोन करता येतील. आपण इथे आभार मानतोय, आणि ते तिथे मेंढरं मोजतायत.

बायको : असं बोलल्या? खरंच?

रंगारी : माझ्या कानांनी ऐकलं.

(दारावर टकटक होते. नर्सताई डबा घेऊन आत येते.)

नर्सताई : काय दादा, आज बोटं हलवून दाखवा बघू.

रंगारी : आधी तुम्ही खरं बोलून दाखवा.

बायको : अहो!

नर्सताई : असू दे, वहिनी. विचारा, दादा.

रंगारी : आमची दोन डोकी तुमच्या गटात हवीत, म्हणून चाललंय ना हे सगळं?

नर्सताई : कोण म्हणालं?

रंगारी : पाय मोडलाय माझा, कान शाबूत आहेत.

नर्सताई : मग लपवण्यात अर्थ नाही. हो, बोललो आम्ही तसं. चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलंय, गट वाढवा. नव्या माणसांना जवळ करा, त्यांच्या उपयोगी पडा.

रंगारी : ऐकलंस?

नर्सताई : पण वहिनींच्या शेजारी बाकावर बसले, तेव्हा मला गट आठवला नव्हता. तो नंतर आठवला. दोन्ही खरं आहे.

रंगारी : दोन्ही कसं खरं असेल?

नर्सताई : तुम्ही भिंत रंगवता ती पोटासाठी. पण ती चांगली दिसावी असंही वाटतं ना तुम्हाला?

रंगारी : मला शब्दात पकडू नका. मी रोखठोक माणूस. मी तुमच्याकडे येणार नाही. बरा झालो तरी नाही. हिला जायचं तर ही जाईल, माझं नाव मोजायचं नाही. आता न्या तो डबा परत.

नर्सताई : डबा राहू दे. जेवण वहिनींचंही आहे. तुम्ही येणार नाही, हे मी गटात सांगते.

* * *

बायको : झालं मनासारखं? त्या दिवसापासून कुणी फिरकलं नाही.

रंगारी : मी म्हटलंच होतं. माशाने आमिष गिळलं नाही, गळ गुंडाळला.

बायको : मग जिन्यात पाऊल वाजलं की मान का वळते?

रंगारी : आखडते ती. प्लास्टरमुळे.

बायको : प्लास्टर पायाला आहे.

रंगारी : तू इस्त्री कर तुझी.

बायको : करतेच आहे. मला फक्त एवढंच वाटतं, की निदान एकजण तरी...

नर्सताई : येऊ का? दार उघडंच होतं.

बायको : या, या ना ताई. बसा.

नर्सताई : बसत नाही. आणि आज डबाही आणला नाही, दादा.

रंगारी : समजलो मी.

नर्सताई : नाही समजलात. सुतारकाकांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही सगळे तिकडेच होतो. काल त्यांना घरी आणलं.

बायको : अरे देवा! परवा परवा तर इथे दांडा ठोकत होते.

नर्सताई : घरात एकटी सून. ती सकाळी कामावर जाते, संध्याकाळी येते. आम्हीही सगळे दिवसा कामावर. आणि काका ऐकत नाहीत, उठायला जातात आणि पडतात. दादा, तुम्ही बसाल का त्यांच्याजवळ?

रंगारी : कोण, मी?

नर्सताई : तुम्हीच.

रंगारी : हा डाव बरा आहे. डब्याने जमलं नाही, आता कामाला जुंपा.

नर्सताई : जुंपायला तुम्ही काही धडधाकट बैल नाही. गरज आहे म्हणून आले. नाही म्हणालात तर दुसरं दार वाजवते.

रंगारी : अहो, मला धड उभं राहता येत नाही!

नर्सताई : बसायला पाय लागत नाहीत.

बायको : खरंच की.

रंगारी : तू मध्ये बोलू नकोस. आणि गटाचं काय?

नर्सताई : गटाचा शब्द काढणार नाही.

रंगारी : प्रार्थना वगैरे करावी लागेल का?

नर्सताई : पाणी पाजावं लागेल. उशीला टेकवून बसवायचं, चमच्याचमच्याने द्यायचं. बाकी उठू लागले की दटावायचं. ते तुम्हाला जमेल.

रंगारी : घर कुठे?

नर्सताई : मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. गाडी खाली उभी करून आलेय.

रंगारी : म्हणजे मी हो म्हणणार, असं धरूनच आलात!

नर्सताई : धरून नाही हो. आशेने आले.

* * *

बायको : आज उशीर केलात. काका बरे आहेत ना?

रंगारी : काकांना काय झालंय? फसवलं त्यांनी मला.

बायको : काकांनी?

रंगारी : मंडळींनी. आज गुरुवार, हे मला कुणी सांगितलंच नाही. सून आली, मी कुबड्या उचलल्या, तर एकेकजण दारात पायातलं काढून आत. काकांना बाहेर नेता येत नाही, म्हणून गटच त्यांच्या खाटेभोवती.

बायको : मुद्दाम केलं असेल?

रंगारी : मलाही तेच वाटलं. तर नर्सताई सगळ्यांदेखत म्हणाली, दादा, तुम्हाला आधी घरी सोडते, मग सुरू करू. बाईने शब्द मोडला नाही, एवढं म्हणावं लागेल.

बायको : मग यायचं होतं.

रंगारी : म्हटलं, होऊ द्या तुमचं, मी बसतो.

बायको : तुम्ही म्हणालात असं?

रंगारी : आता हसू नकोस. काका रोज माझ्याकडून पाणी पितात. पहिल्या दिवशी तोंड फिरवलं होतं म्हाताऱ्याने. मीही चमचा धरून बसलो, बघू कोण आधी दमतं. आता बरं जमतं आमचं. त्यांना बोलता येत नाही, मला बोलावंसं वाटत नाही.

बायको : आणि गाणी म्हटलीत?

रंगारी : वेड लागलंय? तोंड घट्ट मिटून बसलो होतो. तो शिंपी आहे ना त्यांच्यातला, काय बेसूर गातो! उद्या पुन्हा आग्रह करतील, बघ तू. माझा नाही अजून विश्वास.

बायको : विश्वास नाही, मग शेवटपर्यंत थांबलात कशाला?

रंगारी : काकांनी चांगल्या हाताने माझा हात धरला होता.

बायको : सोडवून घ्यायचा.

रंगारी : झोप लागली होती गं त्यांना.