छातीवरचा डाग

(वडगाव रासाई. दुपार. घरामागं मेंढरांची वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. शेजारी लिंबाखाली बाजेवर आबा टेकून बसलेत. लेक प्रतिभा शिरूरहून महिन्याची औषधं घेऊन आलीय. आई बानूबाई दारात.)

प्रतिभा : हे पाकीट पण तसंच. आबा, हे पण. मी नवीन गोळ्या घेऊन आले आणि डब्यात जुन्याच पडल्यात. किती दिवस झाले?

आबा : चा घे आधी.

प्रतिभा : चहा नको. किती दिवस?

बानूबाई : अगं उन्हातनं आलीयास, दम तरी खा. गाडी कुठं लावलीस? सडकंला व्हय? काचा बंद ठिवू नगंस, आत भट्टी व्हती.

प्रतिभा : आई, तू मधे येऊ नकोस. आबा.

आबा : बारा दिस.

प्रतिभा : सगळ्याच बंद?

आबा : बीपीची घेतो. उठलो की गरगरतंय तिनं, पर घेतो. रगत पातळ करायची तेवढी सोडली.

प्रतिभा : तीच सोडली. एवढ्या गोळ्यांत जी अजिबात सोडायची नव्हती, नेमकी ती. डॉक्टर काय म्हणाले होते? एक दिवस चुकली तरी हृदयातली स्प्रिंग आतून बंद पडू शकते. तीन स्प्रिंगा घातल्यात तुम्हाला. आठ महिने झालेत फक्त.

आबा : ठावं हाय.

प्रतिभा : माहीत असून सोडली?

आबा : ठावं हाय म्हनून तर सोडली. बारा दिस वाट बघतोय. ती बी बंद पडंना.

बानूबाई : आसं अभद्र बोलू नगा पोरीसमोर.

आबा : तिनं ईचारलं, मी सांगितलं.

प्रतिभा : बनियनला काय लागलंय ते?

आबा : हळद.

प्रतिभा : हळद लाल कधीपासनं झाली? सदरा बाजूला करा.

आबा : र्‍हाऊ दे.

प्रतिभा : करा म्हणते ना. ... हे काय आहे? आबा, हे काय केलंय?

आबा : डाग दिलाय.

प्रतिभा : तापलेल्या लोखंडाचा? जनावरांना देतात तसा?

आबा : मेंढराला देत्यात तसा. दुखनं आत बसलं की वरनं डाग द्यायचा, ते भाईर येतं. तू ल्हान असताना बघितलंयस की.

प्रतिभा : मेंढरू होतं ते. कुणी दिला? ज्योतिबा आप्पानं?

आबा : ज्योतिबाचा हात कापतोय आता. गेल्या साली खांद्याला द्यायचा त्यो मानंला दिला, मेंढी गेली. त्याच्या हाती छाती देऊ व्हय?

प्रतिभा : मग कुणी?

आबा : दिला कुनीतरी.

प्रतिभा : आई, तू खाली का बघतेस?

बानूबाई : मी दिला.

प्रतिभा : तू?

बानूबाई : चुलीत इळा घातला आन् मी दिला. तशी बघू नगंस माझ्याकडं. तू शिरूरला असतीस. तुझ्या फोनवर म्हनत्यात बरं हाय, आन् फोन ठिवला की भितीला डोस्कं टेकून बसत्यात. पायाच्या पिंढर्‍या आशा वळत्यात की धरून बसावं लागतंय मला, दोनी हातानं. दात घासलं की रगत. जरा कुठं धक्का लागला की निळं पडतंय, आठ-आठ दिस जात न्हाई. नुसतं बसल्या जागी धाप लागती. आन् ती छाती. हितं, ह्या बाजूला, कुनीतरी आतनं बोट घालून धरल्यासारखं म्हनत्यात. आठ म्हैनं मी ती छाती चोळतीया. त्याल लावलं, मिठानं शेकलं, देवाचा भंडारा लावला. काय करायचं र्‍हायलं होतं ते सांग. तूच सांग.

प्रतिभा : मला फोन करायचा होता.

आबा : तिला बोलू नको. ती न्हाईच म्हनत होती. इळा मीच घातला चुलीत. म्हनलं, तू देतीस का मी माझ्या हातानं देऊ. मग दिला तिनं. हात न्हाई हलला तिचा.

प्रतिभा : आणि गेलं दुखणं?

आबा : दोन दिस गेलं.

प्रतिभा : म्हणजे?

आबा : वरचं भाजल्यालं येवढं दुखत होतं की आतलं कळंनाच. आठ म्हैन्यात तेवढंच दोन दिस बरं गेलं बघ.

प्रतिभा : आबा...

आबा : मग जखम भरंना. रगत पातळ, ती भरनार कशी? रोज बनियन भिजायचं. हिनं चुलीत तीन जाळली. मग म्हनलं, गोळी सोडू, खपली तरी धरंल.

प्रतिभा : धरली?

आबा : कडंनं धरलीया.

प्रतिभा : मी काय करू तुमचं? सांगा ना. कंपनीत सुट्ट्या संपल्या माझ्या. सुपरवायझर म्हणतो, मॅडम, तुमचे वडील दर महिन्याला आजारी असतात का? मी म्हणते हो, असतात. शिरूरचं, पुण्याचं सगळं मी बघायचं, आणि हिकडं तुम्ही दोघं विळा तापवताय. मेंढरं आहात का तुम्ही?

आबा : मेंढरू असतो तर बरं होतं. मेंढरू घ्यायचं म्हनलं तर मी तोंड उघडून दात बघतो, पाठीवर हात फिरवतो, पोट दाबतो. त्या डॉक्टरनं आठ म्हैन्यात एकदा हात लावला न्हाई मला. मशीन लावलं. पट्ट्या लावल्या. हात न्हाई. फाईल उघडली, रिपोर्ट नॉर्मल. मी म्हनलं सायेब, दुखतंय. तर म्हनला, रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्ही विचार जास्त करता. रिपोर्ट बरा झालाय तर त्यालाच पाठीव म्हनावं मेंढरामागं.

बानूबाई : जोरानं बोलू नगा. धाप लागती.

आबा : लागू दे. परतिभा, एक ईचारू? यवतला हौसरावाच्या रानात मेंढरं बसवली होती. खतासाठी. तिथंच पडलो मी. भवतीनं समदी माझी मेंढरं होती. हौसरावानं जीपमधी घातलं, पुन्याला न्हेलं, तू आलीस आन् आपरेशनला सही केलीस.

प्रतिभा : केली. उद्या परत वेळ आली तर परत करीन.

आबा : व्हय, करशील. तुझं चुकलं म्हनत न्हाई मी. पर वाचवलंस कशापायी ते सांग. कोकनापतूर चालत जानारा मानूस मी. चार म्हैनं चालायचो. आता हितनं सडकंपतूर शंभर पावलं न्हाईत, तर दोनदा बसावं लागतंय. मी बाजंवरनं उठलो की ती मेंढरं समदी उठत्यात. बघ, आत्ता बी कान टवकारलं. त्यास्नी वाटतंय निघालो चारायला. आन् मी धा पावलावर बसतो. मग ती उभी र्‍हात्यात जाळीला नाक लावून, माझ्याकडं बघत. म्हनून मी उठतच न्हाई.

प्रतिभा : चला, शिरूरला जाऊ. आत्ता.

आबा : न्हाई.

प्रतिभा : ती जखम दाखवायला तरी.

आबा : न्हाई म्हनलं.

बानूबाई : तिला ते सांगा.

आबा : गप बस.

बानूबाई : सांगताय का मी सांगू?

आबा : अगं लेकीला सांगायची गोष्ट हाय का ती?

प्रतिभा : काय? आई, काय?

बानूबाई : काळं व्हतंय. परसाकडंला. डांबरावानी. दीड म्हैना झाला. गोळी सोडली ती नुसती जखमंपायी न्हाई. त्यास्नी वाटतंय त्या गोळीनं आतलं समदं जळून भाईर पडतंय.

प्रतिभा : दीड महिना? अजून होतंय?

बानूबाई : गोळी सोडल्यापासनं कमी हाय. पर हाय.

प्रतिभा : ते रक्त आहे आई. पोटात कुठंतरी रक्त जातंय, ते काळं होऊन बाहेर पडतंय. म्हणून एवढी धाप. म्हणून हात असे पांढरे पडलेत. आणि मी फोनवर सांगत बसले, सकाळी चालायला जा. आबा, मागच्या महिन्यात आपण गेलो होतो ना तपासणीला. तेव्हा हे होत होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं की, अजून काही त्रास?

आबा : ईचारलं होतं.

प्रतिभा : मग का नाही बोललात?

आबा : त्यानं तुझ्याकडं बघून ईचारलं. आन् तू म्हनलीस, बाकी सगळं ठीक आहे सर.

प्रतिभा : मी म्हणाले?

आबा : मी तोंड उघडत होतो. तेवढ्यात तू म्हनलीस. मग उठलो आपन.

प्रतिभा : म्हणाले खरी. बाहेर तीस माणसं बसली होती, त्याला घाई होती, मला सेकंड शिफ्टला पोचायचं होतं. मी म्हणाले.

आबा : आन् तू बोलली नसतीस तरी मी काय सांगनार होतो? लेक शेजारी बसलीया, म्होरं परका मानूस, आन् मी माझं परसाकडंचं सांगू? बापाला जमतंय का ते?

बानूबाई : ह्या लाजंपायी मरायचं का मग?

आबा : तू तरी आत यायचं होतंस. तर तू भाईर चपला राखत बसलीस.

बानूबाई : मला कुनी आत बोलावलं? दवाखान्यातल्या त्या पोरीनं दार लावून घेतलं, म्हनली एकच नातेवाईक.

प्रतिभा : ती गोळी आत्ता द्यायची का नाही तेच मला कळत नाही. दिली तर पोटातनं रक्त जाणार. नाही दिली तर स्प्रिंग बंद. मला कळत नाही आबा. हे माझ्या हातातलं नाही. ह्याला आजच दवाखाना पाहिजे. आत्ता. शिरूरलाच थांबायचं नाही कदाचित, पुण्याला पाठवतील.

आबा : आन् परत म्हनला रिपोर्ट नॉर्मल, तर?

प्रतिभा : ह्या वेळी मी आत येणार नाही. तुम्ही आणि आई जा. एकच नातेवाईक म्हटलं तर ती नातेवाईक आई. मी बाहेर चपला राखते. सगळं सांगा, जसं होतंय तसं, तुमच्या भाषेत. डांबरासारखं म्हणा. पिंढर्‍या म्हणा. गोळी सोडली तेही सांगा. आणि डाग दाखवा.

आबा : डाग बघून शिव्या देईल त्यो.

प्रतिभा : देऊ दे. शिव्या द्यायला तरी छातीकडं बघावं लागेल त्याला.

बानूबाई : मला दील शिव्या. इळा माझ्या हातात होता. खाईन मी. तुमी उठा.

आबा : आन् समदं सांगून बी दुखायचं थांबलं न्हाई तर?

प्रतिभा : दुसर्‍याकडं जाऊ.

आबा : त्यो बी म्हनला काय न्हाई, तर?

प्रतिभा : मला माहीत नाही.

आबा : काय?

प्रतिभा : मला माहीत नाही आबा. दुखायचं थांबेल का ते. मला खरंच माहीत नाही.

आबा : हे पयल्यांदा बोललीस. आठ म्हैनं तुला समदं ठावं होतं.

प्रतिभा : काहीच नव्हतं माहीत. भीती वाटायची, म्हणून बोलत राहायचे.

आबा : मला बी वाटती.

बानूबाई : मी पिशवी भरते. फाईल, तांब्या, दुसरं बनियन. ते इळ्याचं इपरीत झालं ते झालं. उठा आता.

आबा : धोतर बदलू दे. आसंच न्हेशील का?

प्रतिभा : गाडी बांधावरनं आत आणू का? येईल, थोडी घासेल.

आबा : नको. सडकंपतूर चालतो.

प्रतिभा : आबा, शंभर पावलं.

आबा : बसंन दोनदा. हात दे हिकडं. त्यो न्हवं, डाव्या बाजूनं धर. हां. आन् बानू.

बानूबाई : काय?

आबा : आधी वाघरीचं तोंड बांधून घे. मला चालताना बघितलं की समदी मागं येत्यात.