अप्परवर आलेला माणूस

— अहो बसा ना जावईबापू, असे पाय आखडून उभे राहू नका — फाटका मोजा मी मघाशीच बघितला, आता लपवून काय उपयोग? तीनची मुलाखत ना, या जिन्यानं वर, दुसऱ्या मजल्यावर? मला कसं कळलं म्हणता? भर दुपारी टाय लावून चांभारापुढे बूट काढणारा माणूस काय हवा खायला आलेला असतो? तळ बघा तुमचा. तळ कसला, चाळण झालीय. आत पुठ्ठा घातलात, तोही औषधाच्या खोक्याचा — खोकल्याचं औषध. कुणाला आहे, आईला? बायकोला — बरं बरं.

तुमच्या या अवस्थेला इंग्रजीत झकास नाव आहे. मी चौथीत शाळा सोडली, पण हे मला वरच्या मॅनेजरनं शिकवलं. माणूस पार कफल्लक झाला ना, की तिकडची माणसं म्हणतात, तो अप्परवर आला. अप्पर म्हणजे हे, बुटाचं वरचं कातडं. तळ झिजून गेला, आता वरच्या कातड्यावरच चालतोय बिचारा. वरून पॉलिश, खालून रस्ता. पण कुणालाही म्हणायचं नाही बरं का. जन्माच्या भिकाऱ्याला तर नाहीच, त्याला बूट कुठले? एकेकाळी बरे दिवस बघितलेल्यालाच ते शोभतं. तुम्हाला अगदी मापात बसतंय. तोंड पाडू नका, मी सगळ्यांचीच थट्टा करतो.

मॅनेजर मोठा गमत्या. वर गालिचा आहे, म्हणून बूट दाराबाहेर काढायला लावतो, अन् तुम्ही आत गेलात की शिपाई एकेक बूट उलटा करून बघतो. का? — गंमत माझ्या पोटात राहत नाही हो — अप्परवर आलेला कुणी सापडला, की मी त्याच्या नव्या तळाला टाचेपाशी एक लाल टाका घालतो. लाल दिसला, की मॅनेजरनं निम्मा पगार सांगायचा. माणूस हो म्हणतो. म्हणतोच. त्याबद्दल जिन्याखालची ही जागा माझी. नाहीतर मला कोण बसू देतंय, अंगठ्यात आरी नीट धरवत नाही आता — ते जाऊ दे. पहिला लाल टाका कुणाला घातला, विचारा. सख्ख्या धाकट्या भावाला. पोट धरधरून हसलो होतो. वरचा शिपाई तोच. लोकांचे बूट उलटे करता करता त्याला स्वतःच्या टाक्याचं कळलं. एकवीस वर्षं याच जिन्यानं चढतो, उतरतो — माझ्याशी बोलत नाही.

दोऱ्याकडे काय बघताय? हो, लालच ओवलाय. अजून घातला नाही. काळा घालू म्हणता? घालतो की, माझं काय जातंय — पण काळ्या टाक्याचा एकही माणूस आजवर वर लागलेला नाही. पूर्ण पगाराचा माणूस त्याला नकोच असतो. बोला, कोणता? मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं.

लाल म्हणालात?

हं. भावाला मी विचारलं नव्हतं. तुम्ही आपल्या तोंडानं मागितलात — आता यात हसायचं कुठे, सांगा बघू. उगाच मजा घालवलीत माणसाची. धरा, घाला पायात. वर शिपायानं विचारलं तर म्हणा, खाली तुमचा थोरला — नको. काही म्हणू नका. जा. जा म्हटलं ना.